मोजमापासाठी माणूस

खांबाला टेकून जो उभा आहे
तो सटवाजी गुरव, परळीचा.
खाली इंग्रजीत छापलंय : पडकं देऊळ, सातारा जिल्हा.
नाव नाही.
खांब किती उंच ते बघणाऱ्याला कळावं
एवढ्यासाठी त्याला उभं केलेलं.
माझी नोकरी मोजणी खात्यातली, सवयीनं पट्टी लावली :
पागोट्यापासून तुळईपर्यंत
अजून पाऊण सटवाजी मावतो.

पडकं, हा शब्द आमच्या घरात नव्हता.
शिखर नव्हतं, पण ते कुणाच्या आज्यानंही पाहिलेलं नव्हतं.
मंडपात शेण्या वाळायच्या,
नंदीच्या उरलेल्या एका शिंगाला वाकळेची दोरी,
आणि आत, वटवाघळांच्या वासात,
रोज एक पणती.
त्याला देऊळ म्हणत. नुसतं देऊळ.

साहेब आला दोन गाड्या घेऊन.
पेंढ्यात गुंडाळलेल्या काचा, काळा तंबू,
दारूसारखा पण दारूचा नव्हे असा वास.
गेणूनं उरमोडीचं पाणी वाहिलं,
फडक्यातून गाळून, चौदा घागरी.
कारकुनानं हुकूम सांगितला :
शेण्या उचला. वाकळ काढा. शेरडं हाका.
भिंतीतनं आलेली पिंपळाची फांदी मात्र राहू दे,
साहेबाला ती आवडली.

सटवाजी त्या सकाळी कोयता घेऊन
तीच तोडायला आला होता.
दर साली तोडायचा.
पिंपळाचं मूळ लई गोड बोलत शिरतं, म्हणायचा,
अन् भित्ताडाला कळायच्या आत घर आपलं करतं.
कारकून म्हणाला, साहेबाला पुन्हा यायचंय.
पुढच्या हिवाळ्यात. तोवर हात लावायचा नाही.

मग, हलू नको.
श्वास घे, पण दिसू देऊ नको.
साहेब घड्याळात बघत राहिला,
सटवाजी मनात ओव्या नाही, आकडे नाही,
शेरडं मोजत राहिला : काळी, बांडी, कानतुटकी,
परत काळी.
पापण्या लवल्या असणार. डोळ्यांच्या जागी
दोन पुसट खळगे आलेत.
देवाला आम्ही चांदीचे डोळे बसवतो.
याचे चांदीच्या पाण्यानं नेले.

काच धुताना गेणूनं ती उन्हाकडे धरलेली पाहिली :
आभाळ काजळागत काळं,
सटवाजीचं पागोटं काळं,
आणि गाभाऱ्याचं दार
नितळ, काठोकाठ उजेडानं भरलेलं.
तो ओरडत गावात पळाला
की साहेबानं देवळात दिवस कोंडला.
कुणी ऐकलं नाही. त्याची बोटं तेवढी बघितली,
काळी पडलेली,
राख लावली, लिंबू लावलं, जाईनात.
त्याची आई पंधरा दिवस त्याला हातानं भरवायची.

साहेब पुढच्या हिवाळ्यात आला नाही.
त्याच्या पुढच्याही.
सटवाजी वाट बघत राहिला, हुकूम तो हुकूम.
तिसऱ्या पावसाळ्यात उत्तरेची भिंत बसली,
रात्री, फारसा आवाज न करता,
सकाळी पणती सापडली ती दगडांखाली, अख्खी.
तेव्हा कुठं देऊळ
फोटोखालच्या अक्षरांना जुळलं.

साताऱ्यात प्रदर्शन लागलं होतं, तिथं मी पाहिला.
शेजारचा म्हणाला, काय उदास सौंदर्य आहे.
मी हो म्हणालो. खरंच आहे.
खाली उजव्या कोपऱ्यात धूर सांडल्यासारखा डाग आहे,
काचेचा दोष, असं तिथल्या बाई म्हणाल्या.
दोष नाही. शेरडू आहे.
हाकललं होतं, परत आलं.

सटवाजीचे हात मागं आहेत.
कारकुनानं सांगितलं असेल, लपव ते.
भिंग मागून घेतलं, बराच वेळ धरलं.
कोपराच्या मागं, सावलीत,
कोयत्याचं टोक दिसतं.
आणि वर, चौकटीच्या अगदी कडेला,
फांदी. पानं हलल्यामुळे
नीट आलेली नाही.